जिरॅनियम सुधारायचे, तर सुरुवात रोपवाटिकेतून

जिरॅनियमचे कोवळे पान दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली धरले की त्याच्या अंगावर दोन प्रकारचे केस दिसतात. काही नुसते टोकदार. काहींच्या टोकाला मात्र चकाकता गोल मणी असतो. ज्यासाठी हे पीक लावतात ते सुगंधी तेल त्या मण्यात असते, पेशीच्या बाहेर आणि वरच्या पातळ पापुद्र्याच्या आत. पान चुरगाळले की पापुद्रा फुटतो आणि गुलाबासारखा वास येतो. एक टन हिरव्या पाल्यातले असे सगळे मणी रिकामे केले, तर हाती साधारण एक ते दीड किलो तेल लागते. म्हणजे उतारा ०.१ ते ०.१५ टक्के. एका कापणीत आठ टन पाला निघाला, तर ०.१ टक्क्याने आठ किलो तेल मिळते आणि ०.१५ टक्क्याने बारा. खत, पाणी, मजुरी, सरपण यांत फारसा फरक पडत नाही. दशांश चिन्हाच्या पुढचा दुसरा आकडा शेतकऱ्याचा नफा-तोटा ठरवतो.

हा आकडा जैवतंत्रज्ञानाने वाढवता येतो का? येतो. कोणत्या मार्गाने आणि कोणत्या क्रमाने, हा खरा सार्वजनिक प्रश्न आहे, कारण त्यासाठी लागणारा पैसा बहुतांशी सरकारी आहे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने २०१७ मध्ये सुगंधी पिकांसाठी ‘अरोमा मिशन’ सुरू केले, २०२१ मध्ये त्याचा दुसरा टप्पा आला. याच काळात जिरॅनियम मराठवाडा, सोलापूर, नगर, पुणे या भागांत पसरले. आमचे म्हणणे असे की महाराष्ट्रात या पिकासाठी जैवतंत्रज्ञानावर खर्च होणारा पहिला रुपया शुद्ध, निरोगी आणि ओळख पटलेल्या रोपावर व तेलाच्या तटस्थ तपासणीवर जावा. जनुकांमध्ये फेरफार करण्याला आमचा विरोध नाही. त्याची पाळी यानंतरची आहे, इतकेच.

सुगंधी जिरॅनियम हा संकरातून आलेला वंश आहे आणि आपल्याकडे तो बी धरत नाही. लागवड कटिंगनेच होते. शेंड्याकडची दहा-पंधरा सेंटिमीटरची, तीन-चार डोळ्यांची काडी घ्यायची, खालची पाने काढायची, बुरशीनाशकात बुडवून वाळूत किंवा कोकोपीटमध्ये रोवायची. पंचेचाळीस ते साठ दिवसांत मुळे धरतात. काडी हुबेहूब आईसारखी येते, ही या पद्धतीची ताकद. आईच्या अंगात जे दुखणे आहे तेही काडीबरोबर येते, हा तिचा दोष. आणि आई कोण, हे सहसा कोणी विचारत नाही. दोन फूट बाय दोन फुटांवर एकरी सुमारे अकरा हजार रोपे बसतात. ती एखाद्या शेजारच्या शेतातून आलेली असतात, तिथे आणखी कुठून तरी आलेली असतात. ‘बोर्बन’ या प्रकाराची म्हणून विकलेल्या रोपांत काय काय मिसळलेले आहे, हे तेल गॅस क्रोमॅटोग्राफीवर, म्हणजे त्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, चढेपर्यंत कळत नाही. तोवर पीक वर्षाचे झालेले असते.

वासाचा व्यापारी नुसते किलो मोजत नाही. जिरॅनियम तेलात सिट्रोनेलॉल आणि जिरॅनिऑल किती, त्यांचे एकमेकांशी प्रमाण काय, लिनॅलूल, आयसोमेंथोन, सिट्रोनेलिल फॉर्मेट किती, हे तो पाहतो. आयएसओ ४७३१ हे मानकही याच घटकांवर उभे आहे. पेलार्गोनियमच्या, म्हणजे जिरॅनियमच्या शास्त्रीय कुळातल्या, एकाच प्रजातीत सिट्रोनेलॉलकडे झुकलेली आणि मेंथोनकडे झुकलेली अशी वेगवेगळी झाडे सापडतात. दिसायला सारखी, पण आतली वाट वेगळी. एका ओळीत दोन्ही लावली आणि एका टाकीत उकळली, तर त्या तेलाला पुदिन्याची झाक येते आणि भाव उतरतो.

खानदेशाला ही गोष्ट नवी नाही. सातपुड्याच्या उतारावरच्या रोशा गवताचे तेल एके काळी मुंबईहून तुर्कस्तानला जात असे आणि तिथून गुलाबाच्या अत्तरात मिसळायला बल्गेरियात. त्या गवताचे दोन प्रकार, मोतिया आणि सोफिया. मोतियाचे तेल जिरॅनिऑलने भरलेले आणि गोड वासाचे, सोफियाचे उग्र आणि हलक्या दराचे. शेतात उभे असताना दोन्ही ओळखणे अवघड. कोरड्या उतारावर मोतिया, खोलगट ओलसर जागी सोफिया, अशी ढोबळ खूण जुने लोक सांगत. कापणीत दोन्ही मिसळले की सगळा घाणा सोफियाच्या भावाने जायचा. आज डीएनएच्या खुणांवरून हे दोन प्रकार रोप बोटभर असतानाच वेगळे करता येतात. एवढ्या साध्या चाचणीची सोय रोपवाटिकेपर्यंत पोचलेली नसणे, हे आपल्या धोरणाचे अपयश आहे.

निरोगी मातृरोप तयार करण्याची रीत ठाऊक आहे आणि महाराष्ट्रात तिचा अनुभवही आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ऊतिसंवर्धनात, म्हणजे छोट्या तुकड्यापासून बाटलीत रोप वाढवण्याच्या टिश्यू कल्चरमध्ये, दशकांपूर्वी नाव कमावले. बांबूला काचेच्या बाटलीत फुलवल्याचा त्यांचा शोधनिबंध १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये आला. जळगावच्या केळीत जी-नाइन या जातीच्या टिश्यू कल्चर रोपांनी एकसारखी बाग आणि एकाच वेळची निसवण म्हणजे काय ते दाखवले. जिरॅनियमला त्यातले बरेच काही जसेच्या तसे लागू पडते, काही मात्र मुळीच नाही.

शेंड्याचे टोक, शक्यतो अर्ध्या मिलिमीटरहून लहान, सूक्ष्मदर्शकाखाली काढायचे. तुकडा जितका लहान तितकी विषाणू नसण्याची शक्यता जास्त आणि जगण्याची कमी. निर्जंतुकीकरण करून तो मुराशिगे-स्कूग या पोषक माध्यमावर ठेवायचा. त्यात तीन टक्के साखर, ०.८ टक्का अगार, सामू ५.८. माध्यम १२१ अंशांवर पंधरा मिनिटे उकडलेले. खोलीचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास, सोळा तास उजेड. सायटोकायनिन हे वाढीचे संप्रेरक बेताचे दिले की डोळे फुटतात. जास्त दिले तर पाने काचेसारखी पाणचट होतात आणि अशी रोपे बाटलीबाहेर दोन दिवसांत मान टाकतात. कापलेल्या कडेतून फिनॉल सुटून माध्यम तपकिरी होते. तसे झाले की तुकडा लगेच नव्या माध्यमावर हलवावा लागतो.

जिरॅनियमची खरी अडचण याहून आतली आहे. त्याच्या खोडाच्या आत जिवाणू मुक्कामाला असतात. बाहेरून कितीही धुतले तरी ते जात नाहीत आणि थंड खोलीत कित्येक आठवडे दिसतही नाहीत. बाटली स्वच्छ दिसते, रोप हिरवेगार दिसते, आणि शेतात ऊन वाढले की झाड बसते. अमेरिका-युरोपातल्या शोभेच्या जिरॅनियमच्या व्यवसायाने याचा जबर फटका खाल्ला आणि त्यातून एक शिस्त घालून घेतली. प्रत्येक मातृरोपाच्या खोडाची चकती पोषक द्रवात टाकायची आणि द्रव गढूळ होतो का ते पाहायचे. गढूळ झाला की ते मातृरोप आणि त्याची सगळी पिल्ले फेकून द्यायची. स्वच्छ राहिला तरी पुन्हा चाचणी, मग विषाणूंची चाचणी. चाचणीचा खर्च काही परीक्षानळ्या आणि एक प्रशिक्षित माणूस एवढाच. आपल्याकडे मात्र टिश्यू कल्चर म्हणजेच रोगमुक्त अशी समजूत रुजली आहे. रावेर-यावलच्या केळीने ती खोटी ठरवली आहे. रोप प्रयोगशाळेतून कितीही स्वच्छ आले तरी कुकुंबर मोझॅक विषाणू माव्यावाटे शेतात येतोच, आणि रोपवाटिकेची जाळी फाटकी असेल तर तिथेही येतो.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. एकरी अकरा हजार रोपे बाटलीतली घेणे कोणालाच परवडणार नाही, आणि तसे सुचवणारे बटाट्याचे बेणे कसे तयार होते ते विसरतात. बाटलीतले रोप फक्त आई म्हणून वापरायचे. त्याच्यापासून रोपवाटिकेत कटिंग घ्यायच्या आणि शेतकऱ्याला त्या कटिंग द्यायच्या. दर दोन-तीन वर्षांनी आई बदलायची. केळीत बाटलीतल्या रोपांचे तुकडे करून पुन्हा वाढवण्याच्या फेऱ्या सात-आठवर थांबवून पुन्हा नव्या मातृरोपापासून सुरुवात करतात, तीच मर्यादा इथेही हवी, कारण प्रत्येक फेरीत वेगळी निघालेली रोपे थोडी थोडी साठत जातात. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची टिश्यू कल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणन पद्धत २००६ पासून आहे, बियाणे कायद्याच्या आधाराने. तीत विषाणू चाचणी आणि जनुकीय एकसारखेपणाची चाचणी दोन्ही आहेत. सुगंधी पिकांच्या मातृरोपांना ती सक्तीची करा आणि तिचा खर्च अनुदानातून द्या. रोपांवर सरसकट अनुदान देण्यापेक्षा हे कितीतरी हिताचे, कारण सरसकट अनुदानात मिसळीचे रोपही तेवढ्याच सहज खपते.

ऊतिसंवर्धनातला जो दोष रोपवाटिकेला नको असतो, तोच पैदासकाराचे हत्यार बनतो. पानाच्या किंवा देठाच्या तुकड्यापासून आधी आकारहीन गाठ वाढवली आणि तिच्यातून रोपे काढली की त्यांत फरक पडतात. बी न धरणाऱ्या पिकात विविधता आणायचा हा सगळ्यांत स्वस्त मार्ग. लखनौच्या सीमॅपने (केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था) १९८०च्या दशकात जावा सिट्रोनेलाचा ‘बायो-१३’ हा वाण असाच काढला आणि पुढे जिरॅनियमचा ‘सिम-पवन’. यात पाय घसरतो तो घाईने. शेकडो रोपांतून एखादे जोमदार दिसते, त्याचे तेल जास्त निघते आणि लगेच त्याला नाव दिले जाते. पण बाटलीतून निघालेल्या रोपांचे काही फरक टिकाऊ नसतात. कटिंगच्या दोन-तीन पिढ्यांत रोप पुन्हा मूळपदावर येते. म्हणून निदान तीन कटिंग-पिढ्या, प्रत्येक हंगामातली कापणी आणि प्रत्येक कापणीचे क्रोमॅटोग्राफ पाहिल्याशिवाय वाण जाहीर करू नये. मराठवाड्यासाठी निवड मराठवाड्यातच व्हावी. निलगिरीच्या थंडीत किंवा उत्तराखंडात उत्तम ठरलेले रोप लातूरच्या काळ्या जमिनीत श्रावणाचे पाणी साचल्यावर काय करते, हे तिथेच कळेल. पावसाळ्यातली मर आणि मुळांवरच्या गाठी करणारे सूत्रकृमी हे इथले खरे परीक्षक आहेत. सीमॅपची संशोधन केंद्रे बंगळूर, हैदराबाद, पंतनगर आणि पुराडा इथे आहेत. महाराष्ट्रात एकही नाही. कृषी विद्यापीठांनी ही चाचणी-शेते चालवायला हवीत.

आता जनुकांकडे. तेल कसे तयार होते याची उत्तम समज पुदिन्यातून आली, मुख्यतः अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात रॉडनी क्रोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. मण्याच्या बुडाशी असलेल्या पेशींत हरितलवकासारख्या कणिका असतात, त्यांच्यात कच्चा माल बनतो, आणि एकामागून एक विकर (एन्झाइम) त्याला लिमोनीन, पुलेगोन, मेंथोन, मेंथॉल असे बदलत नेतात. २००१ मध्ये त्यांनी कच्च्या मालाच्या वाटेवरच्या एका विकराचे जनुक पेपरमिंटमध्ये जास्तीचे घातले आणि तेल ५० टक्क्यांपर्यंत वाढले. वेगळ्या रोपांत नकोसे मेंथोफ्युरान बनवणारे विकर दाबले, तर ते घटले आणि तेलाची प्रत सुधारली. २०११ च्या शेतातल्या चाचण्यांत उत्तम ओळींत, म्हणजे एकेका बदललेल्या रोपापासून वाढवलेल्या वंशांत, तेलाची वाढ ७८ टक्क्यांपर्यंत गेली. दहा वर्षे आणि पुष्कळ वगळलेल्या ओळी या आकड्यांच्या मागे आहेत, हे उत्साही भाषणांतून निसटते.

याच चमूचा दुसरा प्रयोग आम्हाला जास्त शिकवणारा वाटतो. लिमोनीनला पुढे नेणाऱ्या विकराचे जनुक त्यांनी जास्तीचे घातले. वाट रुंद व्हायला हवी होती. काही रोपांत उलटेच घडले. झाडाने जास्तीच्या जनुकासोबत स्वतःचे मूळ जनुकही गप्प केले आणि तेलात एरवी दोन टक्क्यांच्या आसपास असणारे लिमोनीन ८० टक्क्यांवर गेले. तेलाचा उतारा तेवढाच, पण ते पेपरमिंट राहिले नाही. एकाच कच्च्या मालातून जिरॅनियममध्येही एक वाट जिरॅनिऑल-सिट्रोनेलॉलकडे जाते आणि दुसरी लिमोनीनवरून आयसोमेंथोनकडे. तिथे कोणता दरवाजा ढकलला तर कोणता बंद होईल, हे ओळी तयार करून, कापून आणि उकळूनच कळते.

मग जनुक-संपादनाचे, म्हणजे झाडाच्या स्वतःच्या डीएनएला नेमक्या जागी कात्री लावून बदल करण्याचे, काय? भारताने ३० मार्च २०२२ रोजी बाहेरचा डीएनए शिल्लक नसलेल्या, एसडीएन-१ आणि एसडीएन-२ प्रकारच्या संपादित वनस्पतींना जनुकबदलाबाबतच्या १९८९ च्या नियमांतील ७ ते ११ या कलमांतून सूट दिली. २०२५ मध्ये भाताचे दोन संपादित वाण जाहीरही झाले. सुगंधी पिकांचे लोक त्याकडे आशेने पाहतात, पण एक पेच क्वचित बोलला जातो. भातात कात्रीचे जनुक आधी आत घालतात, काम झाले की बियांच्या पुढच्या पिढीत ते नसलेली रोपे निवडतात. जिरॅनियम बी धरत नाही. आत गेलेली कात्री वेगळी काढायला पुढची पिढीच नाही. म्हणजे या सवलतीत बसायचे असेल तर कात्रीचे प्रथिन आणि मार्गदर्शक आरएनए तयार स्वरूपात थेट भिंत काढलेल्या पेशीत सोडायचे, ते काम करून विरून जाईल, आणि त्या एका पेशीपासून पूर्ण झाड उभे करायचे. भिंत नसलेल्या एका पेशीपासून जिरॅनियमचे रोप खात्रीने उभे करण्याची पद्धत ही इथली पहिली गरज आहे. निधी द्यायचा तर ‘तेल दुप्पट’ अशा शीर्षकाच्या प्रकल्पापेक्षा या नीरस कामाला द्यावा. आणि ती पद्धत बसवायलाही हातात शुद्ध, जिवाणूमुक्त, ओळख पटलेले मातृरोपच लागणार आहे.

जनुकबदलाला सरसकट विरोध करणाऱ्यांनीही या पिकाकडे वेगळे पाहावे. बी नाही, आपल्याकडे रानटी नातेवाईक नाहीत, पाला खाल्ला जात नाही. फैलावाची भीती मोहरी किंवा वांग्याच्या तुलनेत फारच थोडी. खरा धोका बाजाराचा आहे. नैसर्गिक तेलाचा ग्राहक ‘नैसर्गिक’ या शब्दासाठी पैसे मोजतो, कारण निव्वळ जिरॅनिऑल रासायनिक कारखान्यात याहून कितीतरी स्वस्त बनते. परक्या जनुकाच्या झाडाचे तेल तो त्याच भावाने घेईल का, हे विचारल्याशिवाय शेतकऱ्याला त्यात उतरवणे अन्यायाचे होईल.

यीस्टच्या टाकीत सुगंध बनण्याची धास्तीही मोजून घ्यावी. फर्मेनिश या सुगंध कंपनीने २०१४ मध्ये पॅचौलीच्या तेलासारखा ‘क्लिअरवुड’ आंबवून बनवून बाजारात आणला, त्यामुळे धास्ती निराधार नाही. पण आर्टेमिसिनिन या हिवतापावरच्या औषधाचेही उदाहरण आहे. यीस्टच्या मदतीने ते २०१३ पासून मोठ्या प्रमाणावर बनू लागले, आणि शेतातल्या दवण्याच्या भाईबंदाकडून येणारा माल स्वस्त झाल्यावर तो कारखाना परवडेना. एकेका रेणूत टाकी जिंकू शकते. पन्नास-शंभर घटकांच्या पूर्ण तेलात झाडाला अजून जोड नाही, मात्र ते तेल खरे आणि एकसारखे असले तरच.

एकसारखेपणा बिघडायला शेतावरची तेल काढायची टाकीही कारण असते. पाला थेट पाण्यात बुडवून खाली जाळ लावला की सिट्रोनेलिल फॉर्मेटसारखे एस्टर तुटतात, बुडाचा पाला करपून धुराचा वास चढतो. पाला जाळीवर ठेवून वेगळ्या बॉयलरची वाफ सोडली तर हे टळते. कंडेन्सरचे पाणी गरम झाले की वाफेबरोबर तेल उडते. जिरॅनिऑल, सिट्रोनेलॉल पाण्यात थोडे विरघळतात, म्हणून तेल वेगळे केल्यावर उरलेले पाणी फेकणे म्हणजे चांगला भाग फेकणे. सुधारित वाणाने दिलेले जास्तीचे तेल इथे एका दिवसात गमावता येते. आणि गमावले ते रोपाने की टाकीने, हे सांगणारे यंत्र शेतकऱ्याच्या आवाक्यात नाही. आज अनेक ठिकाणी रोपे विकणारा, टाकी पुरवणारा आणि तेल घेणारा एकच असतो, आणि प्रत कमी आहे हेही तोच सांगतो. जिथे हे पीक आहे त्या प्रत्येक विभागात कृषी विद्यापीठाकडे एक गॅस क्रोमॅटोग्राफ, नमुन्याला ठरलेले माफक शुल्क आणि आठवड्यात अहवाल, इतकी सोय झाली तरी भाव ठरवताना शेतकऱ्याच्या हातात कागद असेल.

काम किती लांबीचे आहे ते उलटे मोजावे. नोव्हेंबरमध्ये शेतात लावायचे, तर सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कटिंग रोवल्या पाहिजेत. त्यासाठी मातृरोपे मेअखेरीस पारदर्शक छपराखाली, निचऱ्याच्या वाफ्यावर हवीत, म्हणजे पावसाळ्यात ती मरणार नाहीत. त्याआधी सहा आठवडे त्यांना बाहेरच्या हवेची सवय करायची, त्याआधी चार आठवडे मुळे फोडायची. चार आठवड्यांना चौपट या वेगाने सहा फेऱ्या, म्हणजे चोवीस आठवडे. सुरुवातीची चकती-चाचणी दोन-अडीच महिने. दहा निर्दोष शेंड्यांपासून निघालो तर कागदावर चाळीस हजार रोपे होतात, तूट धरून तीस हजार. प्रत्येकापासून एका वेळी वीस कटिंग, त्यांतल्या सत्तर टक्के जगल्या, तर एका फेरीत अडतीसेक एकरांची रोपे. हे सगळे ज्या जुलैत सुरू होते, त्यानंतर सोळा महिन्यांनी पहिले रोप शेतात जाते. तीन वर्षांच्या प्रकल्पाचा निधी दुसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये हातात पडला, तर त्या प्रकल्पातून शेतात काहीच पोचत नाही.